काचेपलीकडचं लाकूड

तर मंडळी, आजचा विषय आहे लेझर. दचकू नका! चाळीस वर्षं ज्या बाईने मराठीच्या तासाला वृत्तं आणि अलंकार शिकवले, ती आता पदार्थविज्ञानावर लिहिणार म्हटल्यावर आमच्या जाऊबाई कपाळाला हात लावतील, हे ठाऊक आहे मला. पण या विषयाशी माझा गेल्या दोन महिन्यांत अगदी डोळ्याला डोळा भिडवून परिचय झालाय. आणि हे मी अक्षरशः म्हणते आहे.

नातेवाइकांपैकी काहींना फोनवर कळलंच आहे, बाकीच्यांना इथेच सांगून टाकते. मधुमेह माझ्याकडे बावीस वर्षं वस्तीला आहे. त्याने आता डोळ्यांच्या पडद्यावर हात घातला. उजव्या डोळ्यात रक्तस्राव झाला, त्यातून आता दिसतं ते पावसाळ्यात न पुसलेल्या खिडकीतून दिसावं तसं. डावा डोळा शाबूत आहे, पण त्यातही कच्च्या रक्तवाहिन्या फुटू लागल्यात. म्हणून डाव्या डोळ्याला लेझर. तीन बैठकांत. दोन झाल्या, तिसरी येत्या मंगळवारी. आता फोनवर फोन करून मुलाला हैराण करू नका, मी ठीक आहे.

डॉक्टरबाई तरुण आहेत, समजावून सांगतात. पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या, "आजी, एक गोष्ट आधीच सांगते. लेझरने गेलेली नजर परत येत नाही. आहे ती टिकावी म्हणून करतोय. आणि कडेचं थोडं दिसणं, रात्रीचं थोडं दिसणं आपण त्यात खर्ची घालणार आहोत." हा खर्ची शब्द मला फार आवडला. हिशोब समजला. पण घरी आल्यावर मनात एकच प्रश्न घोळत राहिला. उजेडाने पडदा जाळायचा आहे ना, मग तो पडदा डोळ्याच्या अगदी मागे. पुढे बुबुळ, भिंग, पाणी. उजेड आधी त्यांच्यातून जाणार. मग ते का जळत नाहीत?

हा प्रश्न मी रात्री जेवताना विचारला. मुलाने "आई, त्यांना माहीत असतं गं" असं म्हणून पोळी वाढून घेतली. नात मात्र नववीत आहे, त्या वयाला प्रश्न अजून चावतात. ती म्हणाली, "आजी, आपण करून बघू या का?"

मातीच्या खेळासारखा खेळ

ती कॉम्प्युटरवर एक खेळ खेळते, त्याचं नाव 'द पावडर टॉय'. हा फुकट मिळतो, आणि त्याची आतली सगळी मांडणीही कुणालाही उघडून पाहता येते. यात जिंकणं नाही, हरणं नाही, गुण नाहीत, राक्षस नाहीत. काळा पडदा असतो, ६१२ ठिपके आडवा आणि ३८४ ठिपके उभा. खाली नि बाजूला पदार्थांची यादी. वाळू, पाणी, लाकूड, काच, धातू, बर्फ, बंदुकीची दारू, युरेनियमसुद्धा! माऊसने ओढायचं की तो पदार्थ पडद्यावर सांडतो. प्रत्येक ठिपका म्हणजे एक कण, आणि प्रत्येक कणाचा वेगळा हिशोब तो खेळ ठेवतो. त्याचं तापमान किती, हवेचा दाब किती, शेजारी कोण. पाणी तापवलं की वाफ होते, वाफ निवली की पाणी. लहानपणी ओढ्याकाठी आम्ही बांध घालून पाणी अडवायचो, तोच खेळ, फक्त हात चिखलाने माखत नाहीत.

पदार्थांची नावं मात्र गंमतशीर. जवळजवळ सगळी चार अक्षरांत कोंबलेली. वूड, ग्लास हे समजतं, पण 'फॉट' म्हणजे फोटॉन आणि 'फिल्ट' म्हणजे फिल्टर हे मला नातीकडून पाठ करावं लागलं. दुसरीच्या मुलांची बाराखडी जशी भिंतीला लावतो, तशी तिने मोठ्या अक्षरांत यादी लिहून मॉनिटरशेजारी चिकटवली. आणखी एक सोय माझ्या कामाची. झेडची कळ दाबली की पडद्यावरच भिंग उघडतं आणि तेवढा भाग मोठा दिसतो. माझ्यासारखीसाठीच केलंय जणू!

पण मला सगळ्यात आवडली ती लांब कळ, स्पेसबार. ती दाबली की सगळं जग थांबतं. पाणी पडता पडता हवेत, ज्योत अर्ध्यावर. आणि उजेडसुद्धा! उजेडाचे कण पांढऱ्या टिंबांसारखे जागच्या जागी उभे. मग दुसऱ्या कळीने एकेक पाऊल पुढे न्यायचं. दर पावलाला उजेड तीन ठिपके सरकतो. सत्तरी उलटल्यावर थांबलेला उजेड पाहिला मी. शाळेत 'प्रकाश सरळ रेषेत जातो' हे वाक्य शेजारच्या वर्गातून हजार वेळा ऐकलं असेल. पण जाताना पाहिला तो आत्ता.

परीक्षा ठरली

या खेळात लेझर नावाची तयार वस्तू नाही. ज्याने त्याने आपला बनवायचा. नातीने स्वतःचे आणि इतर खेळाडूंचे पाहून केलेले तीन-चार प्रकार साठवून ठेवले होते. त्यांत चांगला कोणता, यावर तिच्या मित्रमंडळींत भांडणं. कुणी म्हणे जो लवकर जाळतो तो चांगला, कुणी म्हणे जो लांब जातो तो. शिक्षिकेच्या सवयीने मी म्हटलं, आधी प्रश्नपत्रिका काढू, मग तपासू.

प्रश्नपत्रिका माझ्या डोळ्यावरून निघाली. मध्ये काचेचं तावदान, म्हणजे डोळ्याचा पुढचा भाग. त्याच्या मागे थोडी जागा सोडून लाकडाची उभी पट्टी, म्हणजे पडदा. लाकडावर आम्ही एक जागा ठरवली, दहा ठिपक्यांची. आणि त्याच पट्टीच्या मध्यावर बंदुकीच्या दारूचे चार दाणे चिकटवले. पडद्याच्या मध्यावर एक छोटीशी जागा असते, तिनेच आपण वाचतो, सुई ओवतो, माणसाचा चेहरा ओळखतो. तिला धक्का लागला तर संपलं. ती जागा म्हणजे हे चार दाणे.

प्रश्न तीन. पहिला, काच शाबूत राहून उजेड पलीकडे गेला का? दुसरा, ठरलेल्या जागीच लाकूड पेटलं का? तिसरा, थांब म्हटल्यावर थांबला का? प्रत्येकी दहा गुण. पहिली ठिणगी पडली की स्पेसबार दाबायचा आणि भिंगातून तपासायचं, कारण लाकूड एकदा पेटलं की खेळातली आग सगळीकडे पसरते, मग लेझरचा दोष कुठला आणि आगीचा कुठला ते कळत नाही.

पहिला उमेदवार

पहिला प्रकार किरणयंत्राचा. खेळात 'एरे' नावाचा पदार्थ आहे. त्याला धातूच्या तारेतून विजेची ठिणगी दिली की विरुद्ध बाजूने क्षणात एक सरळ रेष निघते. काय देखणी रेष! पट्टीने आखल्यासारखी, इकडे नाही की तिकडे नाही. ठिणगी दिली की आली, थोड्या वेळात विरली. आज्ञाधारक. तिसऱ्या प्रश्नाला दहापैकी दहा.

पण ती काचेपाशी येऊन थांबली. फिल्टर नावाच्या पदार्थातून ती जाते आणि जाताना त्याचा रंग घेते, काचेतून मात्र जात नाही. काच काढून पाहिलं तर लाकडापर्यंत पोचली, पण लाकडाला काही ढिम्म झालं नाही. वर्गात असा एखादा मुलगा असतो ना, अक्षर मोत्यासारखं आणि उत्तर कोरं! नात म्हणाली, "अगं आजी, हे लोक निरोप पाठवायला वापरतात, जाळायला नाही." म्हणजे खेळात या रेषांनी मोठमोठी गणितयंत्रं बांधतात. मग ठीक आहे, त्याचा विषय वेगळा. आमच्या परीक्षेत नापास.

दुसरा उमेदवार

दुसरा प्रकार भडक डोक्याचा. 'आयसोटोप झेड' नावाचा एक कल्पित किरणोत्सारी पदार्थ खेळात आहे. त्याला उजेडाचा एक कण लागला की अधूनमधून तो स्वतःच उजेडाचा कण होतो. तो कण शेजाऱ्याला लागतो, तो शेजारीही उजेड होतो. एकाचे दोन, दोनाचे चार. हे ऐकून मी ताठ बसले, कारण खऱ्या लेझरबद्दल जे वाचलं होतं ते असंच होतं.

आइनस्टाइनने १९१७ साली हे सांगून ठेवलं होतं. ऊर्जा भरून तयार बसलेल्या अणूजवळून योग्य रंगाचा उजेड गेला, तर तो अणू त्याच्याचसारखा दुसरा कण सोडतो. त्याच रंगाचा, त्याच दिशेचा, त्याच्याच पावलाला पाऊल जुळवून. शाळेच्या भाषेत सांगायचं तर साधा दिवा म्हणजे शेवटची घंटा झाल्यावरची शाळा, पोरं आठी दिशांना. लेझर म्हणजे कवायत. तीच पोरं, तितकीच पोरं, पण एका रांगेत, एका ठेक्यात. त्यांच्या पावलांनी मैदान हादरतं.

नातीने यंत्र सुरू केलं. एकाचे दोन झाले, दोनाचे चार झाले, हे खरं. पण नवा कण जुन्याच्या दिशेने जायचं नावच घेईना! कुठूनही कुठेही. खेळात त्याची दिशा नुसती चिठ्ठ्या टाकून ठरते. म्हणजे जन्म लेझरसारखा, वागणं शेवटच्या घंटेसारखं. शिवाय असा प्रत्येक कण सुटताना आजूबाजूचा हवेचा दाब एकदम खाली ओढतो. या खेळातली काच दाबातल्या अचानक बदलाने तडकते. आमचं तावदान क्षणात चुरा होऊन खाली! लाकूडही पेटलं, ठरल्या जागी नाही, सगळीकडे. दारूचे चार दाणे कधी उडाले ते दिसलंसुद्धा नाही. आणि थांबवायचं म्हटलं तर पदार्थ संपेपर्यंत थांबत नाही.

नात हसून हसून लोळत होती. मी पण हसले. पण हसता हसता माझा हात डाव्या डोळ्यावर गेला होता, तो तिने पाहिला. तिने हसणं थांबवलं, खेळ पहिल्यापासून मांडला आणि म्हणाली, "हा डॉक्टरांचा नाही गं आजी. हा आमच्या वर्गातल्या मुलांचा आहे." तीन प्रश्न मिळून शून्य.

तिसरा उमेदवार

तिसरा प्रकार सगळ्यात साधा, म्हणून खेळाडू त्याला नाकं मुरडतात. 'क्लोन' नावाचा पदार्थ ज्याला स्पर्श करेल त्याच्या प्रती काढत बसतो. त्यावर उजेड लावला की उजेडाचा झरा. पण इथेही प्रत्येक कण आठपैकी एका दिशेला निघतो. आपल्या अष्टदिशाच! पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर आणि चार कोपरे. हे मला फारच आवडलं.

आता त्यातली एक दिशा ठेवायची आणि सात बुजवायच्या. नातीने झऱ्याभोवती लांब नळी बांधली. पण कोपऱ्यांच्या दिशेने निघालेले कण नळीच्या भिंतीवर आपटून आपटून पुढे आले आणि तोंडाशी येऊन तिरपे फाकले. पिचकारीचं तोंड बिघडल्यावर होतं तसं. मी म्हटलं, भिंतीनेच त्यांना खाऊन टाकलं तर? तिने टाळी वाजवली. खेळात 'व्हॉइड' नावाचा पदार्थ आहे, त्याला जे लागेल ते नाहीसं. नळीला आतून त्याचं अस्तर दिलं. तिरपे कण गडप झाले, उरली ती नाकासमोर चालणारी सरळ धार. बहुतेक उजेड वाया गेला, हे खरं. पण पहिल्या खऱ्या लेझरनेही बहुतेक ऊर्जा उष्णतेतच घालवली होती, तेव्हा त्याबद्दल गुण कापले नाहीत.

धार काचेत शिरली आणि नवीच अडचण. पांढरा उजेड काचेत शिरला की त्याचे रंग वेगळे होतात, आणि प्रत्येक रंग वेगळा वाकतो. पलीकडे इंद्रधनुष्याचा पंखा उघडला. सुंदर दिसत होता, पण त्याची एक पाती थेट दारूच्या दाण्यांकडे! मग नळीच्या तोंडाशी फिल्टर बसवला आणि फक्त हिरवा जाऊ दिला. एका रंगाचे कण काचेत शिरले, सगळे जवळजवळ सारखेच वाकले, आणि मिळूनच बाहेर पडले. लेझर एकाच रंगाचा का असतो, याचं उत्तर मला पुस्तकातल्या चार पानांनी दिलं नव्हतं इतकं त्या हिरव्या धारेने दिलं.

शेवटचा प्रश्न थांबण्याचा. साधा क्लोन थांबत नाही. पण त्याचा एक भाऊ आहे, विजेवर चालणारा. एका तारेने ठिणगी दिली की सुरू, दुसरीने दिली की बंद. तो बसवला. नातीने एक हात सुरू करायच्या तारेवर आणि एक हात बंद करायच्या तारेवर ठेवला. हिरवी धार सुटली, काचेतून गेली, लाकडाच्या ठरल्या जागी पोचली. काही पावलं नुसतीच धग. मग एक ठिणगी. स्पेसबार!

भिंग लावून मी तपासलं. काच गरम झालेली, पण अखंड. लाकूड ठरल्या दहा ठिपक्यांतच पेटलेलं. चारही दाणे जागेवर. अठ्ठावीस गुण दिले. दोन कापले, कारण बंद केल्यावरही नळीत अडकलेले कण थोडा वेळ येत राहिले. नात म्हणाली, "आजी, तू फार कंजूष आहेस." तिचे आजोबाही हेच म्हणायचे!

खऱ्या जगातल्या उमेदवारांविषयी

या खेळानंतर मला खरे लेझर कुणी कसे केले ते वाचायची ओढ लागली. अक्षर मोठं करून रोज थोडं थोडं वाचलं. १९५८ साली टाऊन्स आणि शॉलो यांनी असं यंत्र कसं होऊ शकेल ते कागदावर मांडलं. १९६०च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियातल्या मालिबूमध्ये थिओडोर मेमन यांनी ते प्रत्यक्ष करून दाखवलं. साहित्य काय, तर बोटाएवढी माणकाची कांडी, तिच्या दोन्ही टोकांना चांदीचा मुलामा, आणि भोवती नागमोडी गुंडाळलेला फोटोग्राफरचा फ्लॅश दिवा. दोन आरशांमध्ये उजेड येरझारा घालतो, दर फेरीला आपल्यासारखे सवंगडी जमवतो आणि सरळ चालणारे तेवढेच टिकतात. तिरपे बाजूने निसटून जातात. म्हणजे आमच्या नळीतल्या अस्तराचं काम तिथे आरसे करतात, आणि वर वाढही करतात. आमच्या खेळातल्या लेझरमध्ये तीच गोष्ट नाही. आम्ही गर्दीतून सरळ चालणारे निवडले. मेमन यांनी सरळ चालणाऱ्यांची गर्दी केली.

पुढच्याच वर्षी, १९६१च्या अखेरीस, न्यूयॉर्कमध्ये डॉक्टरांनी माणकाचा लेझर माणसाच्या डोळ्यात वापरलासुद्धा! मला वाटलं ही घाई झाली. पण नाही, डोळ्याचे डॉक्टर उजेडाने जाळण्याची विद्या आधीपासून जाणत होते. जर्मनीतल्या मायर-श्विकेराथ नावाच्या डॉक्टरांनी १९४५चं सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहून पडदा भाजून घेतलेला रुग्ण तपासला, आणि त्यांच्या मनात आलं की हाच चटका हवा तिथे देता आला तर? त्यांनी आधी आरशांनी ऊन आत आणून उपचार केले, पुढे झेनॉन दिव्याने. ढग आले की उपचार बंद, अशी ती दवाखान्याची वेळ असणार!

माणकाचा उजेड लाल. तो रक्त फारसं शोषून घेत नाही, म्हणून रक्तवाहिन्यांच्या कामाला कमी पडला. मग १९६४ साली निघालेल्या आरगॉन वायूच्या लेझरचा निळा-हिरवा उजेड कामी आला, आणि आता बऱ्याच ठिकाणी हिरवाच वापरतात. माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर इथे मिळालं. बुबुळ, भिंग, आतलं पाणी हिरव्या उजेडाला जवळजवळ अडवतच नाहीत. त्यांच्या दृष्टीने तो वाटसरू. पडद्यामागे मात्र काळसर रंगाचा थर असतो, तो त्याला शोषतो, आणि जो शोषतो तोच तापतो. आमच्या तावदानाचं आणि लाकडाचं जे नातं, तेच. उजेड जाताना जाळत नाही, थांबतो तिथे जाळतो.

आणि एक आपल्या घरची गोष्ट. त्याच १९६४ साली कार्बन डायऑक्साइडचा लेझर अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये कुमार पटेल यांनी केला. जन्म १९३८चा, बारामतीचा! पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून १९५८ साली पदवी घेऊन ते पुढे स्टॅनफर्डला गेले. त्यांचा लेझर फार ताकदीचा, पोलाद कापायला वापरतात, शस्त्रक्रियेतही वापरतात. पण त्याचा उजेड डोळ्यांना न दिसणारा, आणि काच नि पाणी दोन्ही त्याला लगेच शोषून घेतात. म्हणजे आमच्या प्रश्नपत्रिकेत बारामतीकर काचेपाशीच अडले असते! आणि पाणी शोषतं म्हणूनच तो मांस इतकं नेमकं कापतो. नातीला मी म्हटलं, बघ, पेपर बदलला की पहिला नंबरही बदलतो. तिने हे वाक्य आपल्या वहीत लिहून ठेवलंय. कुठल्या पेपरात ते वापरणार आहे, देव जाणे.

खुर्चीवर

आता प्रत्यक्ष काय होतं ते सांगते, कारण पुष्कळांना याचीच भीती असते. बाहुली मोठी करायचे थेंब घालतात, मग डोळा बधिर करायचे. हनुवटी टेकवून यंत्रासमोर बसायचं. डॉक्टर डोळ्यावर एक काचेचं भिंग टेकवतात, म्हणजे पापणी मिटता येत नाही. मग हिरवे लखलखाट, एकामागून एक. एकेक डाग अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, वेळ सेकंदाच्या दहाव्या भागाइतका किंवा त्याहून कमी. सगळ्या बैठका मिळून असे बारा ते सोळाशे डाग. मध्याची जागा सोडून, कडेकडेने.

मुद्दाम जाळायचं का, तेही विचारून घेतलं. साखरेने बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात, पडद्याचा कडेचा भाग उपाशी राहतो आणि रक्तासाठी हाकारे देत बसतो. त्या हाकांनी नव्या रक्तवाहिन्या फुटतात, पण कच्च्या. त्याच फुटून डोळ्यात रक्त सांडतं. उपाशी भाग कमी केला की हाका कमी होतात. दुष्काळात माझ्या वडिलांनी बांधाकडची डाळिंबं तोडली होती, मधली जगावीत म्हणून. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची. कुऱ्हाड चालवताना ते एक शब्द बोलले नव्हते. पहिल्या बैठकीत तीनशे मोजेपर्यंत मला तीच डाळिंबं दिसत होती.

दुखतं का? नातीने हे विचारलं, तेव्हा तिला खरं सांगितलं, तुम्हालाही सांगते. पहिली बैठक काहीच नाही. दुसऱ्या वेळी काही डाग डोळ्याच्या मागे टोचल्यासारखे लागले, दातात थंडगार पाणी जावं तसे. बाहेर आल्यावर थोडा वेळ काळोखी, मग सगळं गुलाबीसर, मग हळूहळू पूर्ववत. संध्याकाळनंतर एकटीने जिना उतरायचा नाही, हा नियम मी स्वतःच घालून घेतलाय. रात्रीचं दिसणं खरंच कमी झालंय. तो खर्च होता, तो झाला.

खेळ आणि खरं यांत फरक आहे, हे मी विसरलेले नाही. त्या खेळात मी वीस वेळा काच फोडली आणि वीस वेळा नवी बसवली. डावा डोळा एकच आहे. पण दुसऱ्या बैठकीला मी खुर्चीवर बसले तेव्हा हात थरथरत नव्हते. आत काय चाललंय ते मला दिसत होतं. हिरवी धार, अखंड काच, ठरलेली जागा, आणि मध्ये शाबूत असलेले चार दाणे. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आजी, आज तुम्ही अगदी स्थिर होतात हं, माझं काम सोपं झालं." त्यांना काय सांगणार!

आता एक निरोप, आणि तो नाव न घेता एका व्यक्तीसाठी आहे. सांगलीला माझी धाकटी बहीण राहते. तिला साखर होऊन बारा वर्षं झाली. "ताई, मला अगदी स्वच्छ दिसतं, मी कशाला डोळे दाखवू?" असं ती दर दिवाळीला म्हणते. बाई गं, मलाही स्वच्छच दिसत होतं. रक्त सांडेपर्यंत पडदा काही बोलत नाही. मधुमेह असलेल्याने वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा, एवढंच सांगणं आहे. अर्धा दिवस जातो, आणि संध्याकाळपर्यंत जवळचं वाचता येत नाही, बाकी काही नाही. लवकर कळलं तर उपायही बरेच असतात, आता इंजेक्शनंही निघाली आहेत. तू होय म्हण, मी नातीला घेऊन सांगलीला येते. ती तुला तिचा लेझर दाखवेल.

मंगळवारनंतर आठ दिवस कॉम्प्युटरला सुट्टी, तेव्हा इथे काही दिसलं नाही तर काळजी करू नये. नात सध्या नळीत दोन आरसे बसवायच्या खटपटीत आहे, ते उरलेले दोन गुण मिळवायला. तिला म्हटलंय, मी परत पडद्यासमोर बसेन तेव्हा तपासायला दे. पेपर तोच, गुण तेच, आणि सवलत अजिबात नाही.